चौथी कळ: इब्राहिम मालूफचा ट्रम्पेट

नमस्कार मंडळी.

ट्रम्पेट म्हटलं की आपल्याला आधी वरातीतला बँड आठवतो आणि मग जुन्या हिंदी गाण्यांमधले गोव्याचे वादक. आज ज्या ट्रम्पेटबद्दल बोलायचं आहे तो पॅरिसचा आहे आणि त्याला नेहमीपेक्षा एक कळ जास्त आहे. फ्रान्समधला जॅझ वादक आणि संगीतकार इब्राहिम मालूफ याची सगळी वाटचाल त्या एका जादा कळीपाशी सुरू होते. म्हणून आधी कळीचंच बोलू.

समोर पेटी आहे, तिच्यावर दाखवतो. पांढरी एकचा सा. हा रिषभ. हा कोमल गंधार आणि हा शुद्ध. आता या दोन गंधारांच्या मधोमध बोट न्या. तिथे पट्टीच नाही! अरबी संगीतातला 'रास्त' हा मकाम, म्हणजे आपल्या रागासारखी स्वरांची चौकट, मात्र नेमक्या त्या नसलेल्या पट्टीवर उभा आहे. आपल्या दरबारीचा गंधार कोमलच्याही खाली झुकतो, रास्तचा दोन्हींच्या मधे राहतो. जागा वेगळी, पण पेटीवाल्याची पंचाईत तीच.

ट्रम्पेटचंही तसंच आहे. त्याला तीन कळा. मधली दाबली की हवेला थोडी जास्त नळी फिरून यावं लागतं आणि स्वर अर्ध्या पायरीने, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या एका पट्टीने, उतरतो. पहिलीने एक पायरी, तिसरीने दीड. पाव पायरी उतरवणारी कळच नाही. ओठ सैल करून स्वर खाली ओढता येतो, पण द्रुत तानेत तो जागेवर सापडेलच असं नाही. लेबनॉनहून फ्रान्सला आलेले नसीम मालूफ हे थोर वादक मोरिस आंद्रे यांच्याकडे पाश्चात्त्य शास्त्रीय ट्रम्पेट शिकले. कानात मात्र गावाकडचे मकाम होते. १९६०च्या दशकात त्यांनी वाद्याला चौथी कळ बसवून घेतली, पाव पायरीची. मधल्या कळीला जेवढी नळी लागते, त्याच्या साधारण निम्मी. एवढ्याशा नळीने रास्तचा गंधार ट्रम्पेटवर पक्का बसला.

इब्राहिम हा त्यांचा मुलगा. जन्म ५ डिसेंबर १९८०, बैरूत. आई नदा पियानोवादक. लेबनॉनमध्ये गृहयुद्ध पेटलेलं, त्यामुळे घर फ्रान्सला हललं आणि मुलगा पॅरिसजवळच्या एताँप गावी वाढला. सातव्या वर्षी ट्रम्पेट हाती आला, गुरू घरातच. लहानपणीच तो वडिलांच्या शेजारी उभा राहून विवाल्डी, अल्बिनोनी अशा जुन्या इटालियन संगीतकारांच्या रचना जाहीर कार्यक्रमांत वाजवू लागला. पुढे पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात शिक्षण झालं आणि विशीच्या आसपास युरोप-अमेरिकेतल्या स्पर्धांची बक्षिसं मिळाली. ही तालीम मला फार मोलाची वाटते. मधला स्वर लावायचा तर आजूबाजूचे दोन्ही स्वर आधी तंतोतंत लागावे लागतात. ते नसेल तर ऐकणाऱ्याला तो बेसूरच वाटेल.

पहिला अल्बम २००७चा, 'दियास्पोरा'. त्यानंतर 'दियाक्रोनिझ्म' आणि २०११ला 'दियाग्नोस्टिक'. २०१३च्या 'इल्युजन्स'ला फ्रान्सचा मानाचा 'व्हिक्त्वार' हा संगीत पुरस्कार मिळाला आणि एका सिनेमाच्या संगीतासाठी २०१७मध्ये 'सेझार' हा तिथला चित्रपट पुरस्कारही. मान्यतेचं एवढं पुरे.

थांबावं असं वाटतं ते २०१२च्या 'विंड'पाशी. रेने क्लेर यांच्या १९२७च्या मूकपटाला नवं संगीत द्यायचं काम पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयाने त्याच्याकडे सोपवलं. डिसेंबर १९५७मध्ये एका रात्री अमेरिकेचा जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच शहरात लुई मालच्या चित्रपटाची दृश्यं पडद्यावर बघत बघत ट्रम्पेट वाजवत होता. इब्राहिमने त्या रात्रीला मुजरा करायचं ठरवलं आणि न्यूयॉर्कमध्ये तिथल्या जॅझ वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केलं. माइल्ससारखाच सूर दबका, खूप जागा सोडणारा. पण एखाद्या ओळीच्या शेवटी स्वर हलकेच त्या मधल्या घरात उतरतो आणि पॅरिसच्या रात्रीत बैरूत दिसू लागतं.

आणि २०१५चा 'कल्थूम'. बलीघ हमदी यांनी चाल दिलेलं 'अल्फ लैला व लैला' हे गाणं इजिप्तच्या थोर गायिका उम्म कुल्सूम यांनी १९६९मध्ये पहिल्यांदा गायलं. मैफलीत ते तासाच्या घरात जायचं. एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी निराळ्या अंगाने. आपल्याकडे ठुमरीत बोल बनवतात ना, ते ज्याने मन लावून ऐकलंय त्याला हे सांगावं लागणार नाही. इब्राहिमने ते सगळं जॅझच्या पाच जणांच्या संचावर बसवलं. बाईंचा गळा ट्रम्पेटने धरायचा म्हणजे केवढी जोखीम! पण चौथी कळ हाताशी होती. त्याच वर्षी त्याचा 'रेड अँड ब्लॅक लाइट'ही आला. तो जास्त झगमगीत आहे, लोकांना आवडलाही. माझं मन 'कल्थूम'वरच जातं. तिथे बापाच्या कळीला तिचं खरं काम मिळालं, असं मला वाटतं.

१४ डिसेंबर २०१६ला पॅरिसच्या बेर्सी या अवाढव्य सभागृहात त्याची मैफल झाली. न गाणाऱ्या, नुसत्या फुंकीवर उभ्या असलेल्या जॅझ कलाकारासाठी हजारो लोक जमले. नसीम यांचा हा ट्रम्पेट वर्षानुवर्षं फार थोड्यांच्या हातात होता. तो आता वाढावा म्हणून इब्राहिमने तसे ट्रम्पेट तयार करून घेतले आहेत, आणि २०२४च्या 'ट्रम्पेट्स ऑफ मिशेल-आंज'मध्ये एकाच वेळी अनेक जण तो वाजवताना ऐकू येतात.

आता ऐकूया. 'दियाग्नोस्टिक'मधली 'बैरूत' ही रचना लावतोय. युद्ध संपल्यानंतरच्या पडझडीतून, कोवळ्या वयात, कानाला वॉकमन लावून एकटा फिरत असताना ती सुचली, असं तो सांगतो. सुरुवात अगदी हळू आहे, जवळजवळ पुटपुटल्यासारखी. शेवटाकडे गिटार आणि ड्रम्स अंगावर येतील, तेव्हा आवाज कमी करणार नाही. तोवर ट्रम्पेटच्या गंधाराकडे कान असू द्या. मागचे दिवे जरा मालवता का?