आधी बोर्डिंग, मग पोरं

श्रोतेहो, नमस्कार.

परवा शेजारच्या काकूंनी मोबाईलवर नातवाच्या खोलीचा फोटो दाखवला. पोरगं कॅनडात, ब्रॅम्प्टनला शिकतंय. खोली कसली, तळघरच! ओळीनं चार गाद्या, छताला टेकलेली वीतभर खिडकी आणि तिच्यातून दिसणारा बर्फ. काकू म्हणाल्या, "आमच्या गोठ्यात ह्याच्यापेक्षा उजेड हाय." या शिक्षणापायी अर्धा एकर रान विकलंय, वर बँकेचं कर्ज आहेच.

आता, आपलं पोरगं तिथल्या कॉलेजांना एवढं हवंसं का झालं? ब्रॅम्प्टन ज्यात येतं त्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारनं 2019 साली तिथल्या मुलांची फी 10 टक्क्यांनी उतरवली आणि पुढं वाढू दिली नाही. इंग्लंडमध्ये 2012 ला फीची मर्यादा होती 9,000 पौंड, 2017 ला 9,250. तिथून 2025 पर्यंत हललीच नाही. पगार, वीजबिलं मात्र चढत राहिली. बाहेरून येणाऱ्यांच्या फीला असं कुंपण नव्हतं, म्हणून खड्डा तिथून भरायचा. आपल्याकडच्या मॅनेजमेंट कोट्याचाच हा थोरला भाऊ म्हणा ना.

2023 सरताना कॅनडात परदेशी विद्यार्थी 10 लाखांच्या वर होते. प्रवेश वाटले, पण राहायचं कुठं, हे कॉलेजांनी फारसं पाहिलं नाही. घरांची टंचाई आधीच होती, भाडी आणखी भडकली आणि लोकांचा राग निघाला तो या पोरांवर. फी घेणारे नामानिराळे!

मग सरकारं जागी झाली. जानेवारी 2024 मध्ये कॅनडानं परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि खात्यात दाखवायची रक्कम 10,000 डॉलरवरून 20,635 केली. ऑस्ट्रेलियानं जुलैत व्हिसाची फी 710 डॉलरवरून थेट 1,600 वर नेली. पोरं कमी झाली तशी ऑन्टॅरिओच्या कॉलेजांत अभ्यासक्रम बंद पडू लागले, प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणजे तिथल्या स्थानिक मुलांच्या वर्गालाही कुलूप लागलं. आमच्या पैशावर त्यांचे वर्ग चालत होते, हे कुलूप लागल्यावर कळलं.

कोल्हापूरच्या दसरा चौकातून जाताना मला हे हटकून आठवतं. लिंगायत बोर्डिंग, जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, सगळी हाकेच्या अंतरावर. शाहू महाराजांनी 1901 पासून या वसतिगृहांना हात दिला, कारण खेड्यातलं पोरगं कोल्हापुरात शिकायला आलं तर रात्री पाठ कुठं टेकणार, हा प्रश्न त्यांना आधी पडला होता. खजिना भरायला पोरं बोलावली नव्हती. उलट खजिन्यातून त्यांच्यावर खर्च केला.

काल नातवाचा फोन आला. काकूंनी विचारलं, "थंडी लई हाय काय रे?"

तो म्हणाला, "थंडीचं ऱ्हाऊ दे आजी. कारखान्यानं उसाचं बिल सोडलं काय?"