सारस, धानाची बांधी आणि सहाशे मिलिमीटरची लेन्स

पावसाळा सरत आला की गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतील वैनगंगेच्या खोऱ्यात धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेते, गच्च भरतात, आणि त्या हिरव्या रानातून अधूनमधून एखादी तांबडी मान वर येते. हा सारस. उभा राहिला की जवळजवळ १.८ मीटर उंची भरणारा हा क्रौंच उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच आहे. महाराष्ट्रात त्याचा वावर आता मुख्यतः याच धानपट्ट्यात उरला आहे, आणि म्हणूनच लांब पल्ल्याच्या लेन्स घेऊन छायाचित्रकार इथल्या धुऱ्यांवर, म्हणजे शेताच्या बांधांवर येतात.

६०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेम (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्याला लावून १०० मीटरवर उभ्या असलेल्या सारसावर रोखली, तर चौकटीत जेमतेम ६ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच एवढाच शेताचा तुकडा येतो. पक्षी चौकटीची निम्मी उंचीही व्यापत नाही; त्याच्याभोवती धान दिसतो, पाणी दिसते, मागची मोहाची झाडे दिसतात. आमच्या मते सारसाचे चित्र असेच असावे. तरीही चौकट भरून टाकण्याचा मोह अनेकांना आवरत नाही आणि पावले बांधीत शिरतात.

अंतर कमी केल्याने सगळेच सोपे होते असेही नाही. धुऱ्यावरच्या काटकीवर बसलेला खंड्या १० मीटरवर असेल आणि लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र एफ ४ इतके, म्हणजे बरेच उघडे असेल, तर सुस्पष्ट दिसणारा पट्टा केवळ सहा-सात सेंटिमीटर खोल असतो. पक्षी तिरका बसला असेल, तर चोच आणि डोळा रेखीव उतरतात आणि शेपटी धूसर होते. म्हणून फोकस डोळ्यावरच धरायचा, हे इथे मुरलेला प्रत्येक छायाचित्रकार सांगतो.

नवख्यांना सर्वाधिक छळते ती हवा. ऑक्टोबरचे ऊन चढू लागले की बांधीतला चिखल, धुरे आणि डांबरी रस्ता तापतात. जमिनीलगतची गरम हवा वर उठते आणि वरच्या थंड हवेत मिसळते. या दोन हवांमधून प्रकाश वेगवेगळा वाकतो आणि लेन्समधून पाहताना सारसाचे पाय पाण्याखाली असल्यासारखे थरथरतात. पक्ष्याच्या आणि आपल्यामध्ये अशी १०० मीटर हवा असली की कितीही महागडी लेन्स, कितीही भक्कम ट्रायपॉड आणि कितीही वेगवान शटर असले, तरी पिसांचे बारकावे हाती लागत नाहीत. छायाचित्रकार मग लेन्सला दोष देतात, ती दुरुस्तीला पाठवतात, आणि दोष मात्र दुपारचा असतो. यावर उपाय एकच: सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास. मालगुजारी तलावाच्या (जुन्या मालगुजारांच्या काळातल्या सिंचन तलावाच्या) पाळीवर बसल्यास थोडी उंचीही मिळते आणि जमिनीलगतच्या तापलेल्या थरातून पाहावे लागत नाही.

पण त्या वेळी प्रकाश कमी असतो. लेन्सची पोच दुप्पट करणारा एक्स्टेंडर (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारा जोड) लावला तर सेन्सरवर पोचणारा प्रकाश चौथाईवर येतो आणि सेकंदाच्या १/१००० भागाचे शटर १/२५० वर उतरते. उडत्या सारसासाठी ते अपुरे आहे. उभ्या सारसासाठी पुरेसे आहे, फक्त लेन्सला पक्का आधार हवा. त्यासाठी अनेक जण रिकामी कापडी पिशवी आणतात, गावात ती धानाने भरतात आणि पाळीवरच्या दगडावर ठेवून तिच्यात लेन्स रुतवतात. असा आधार मिळाला की लांबूनही राखाडी टाळू, मानेवरची खरबरीत तांबडी कातडी आणि नारिंगी डोळा स्वच्छ उतरतो.

आता घरट्याविषयी. सारस पाणथळ जागी किंवा थेट धानाच्या बांधीत गवताचा मोठा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो, आणि नर-मादी पाळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवतात. निंदणीला येणाऱ्या ओळखीच्या माणसांना हे पक्षी बरेच सरावलेले असतात. अनोळखी माणूस थांबून, वाकून त्यांच्याकडे पाहू लागला की चरणे थांबते आणि मान ताठ होते. तेवढ्यावरून छायाचित्रकाराने मागे फिरायला हवे. तो पुढे गेला तर उबवणारा पक्षी घरटे सोडतो आणि उघड्या पडलेल्या अंड्यांवर कावळे येतात. घरट्याभोवतीचा धान राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्याचे कष्टही त्या एका चित्रापायी वाया जातात.

घरट्याच्या चित्राची गरजही नसते. दिवाळीनंतर धान कापला जातो, आडोसा उरत नाही, आणि आई-वडील पिलांसह मोकळ्या बांध्यांमध्ये सांडलेले दाणे टिपत फिरतात. पिले तोवर चांगली उंच झालेली असतात, त्यांच्या डोक्यामानेवर अजून तांबडा रंग नसून दालचिनी छटेची पिसे असतात, आणि सकाळच्या थंड हवेत रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या गाडीच्या खिडकीतूनही ६०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये अख्खे कुटुंब एका चौकटीत येते.