नकाशा रंगवायच्या आधी आम्हाला बोलवा

मंडळी, नमस्कार. कार्डावर विषय मोठा छापलाय, वाढतं शहर आणि नागरिकांचा सहभाग, पण मी आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे. शहराच्या आराखड्याबद्दल आपल्याला विचारतात ते नेमकं कधी विचारतात? माझं सगळं म्हणणं त्या 'कधी'मध्ये आहे.

आपल्या साताऱ्याचंच बघा. 2011 च्या जनगणनेत आपण साधारण 1 लाख 20 हजार होतो. 2020 ला हद्दवाढ झाली, शाहूपुरी, विलासपूर असा आजूबाजूचा भाग शहरात आला. आता शाहूपुरीतल्या माणसाला आधी ग्रामसभा होती, वर्षातून किमान चार घ्यायच्या असा कायदाच आहे, तिथं उभं राहून गटार कुठनं जाणार आणि रस्ता का झाला नाही हे तोंडावर विचारता यायचं. हद्दीत आला आणि ग्रामसभा गेली. बरं, वॉर्ड समिती मिळेल म्हणावं तर 74 व्या घटनादुरुस्तीनं ती सक्तीची केली 3 लाख आणि त्याच्या वरच्या शहरांना. आणि नगरसेवक? 2016 नंतर पालिकेची निवडणूक झाली ती थेट 2025 च्या डिसेंबरमध्ये, मधली चारेक वर्षं प्रशासक. म्हणजे जो भाग सगळ्यात झपाट्यानं वाढतोय, जिथं रोज नवीन प्लॉट पडतोय, तिथल्याच माणसाला बोलायला जागा उरली नव्हती. मला हे फार लागतं.

आता डीपी, म्हणजे विकास आराखडा. नगररचनेचा कायदा 1966 चा, आपण एमआरटीपी म्हणतो. एकदा मंजूर झाला की साधारण 20 वर्षं तोच चालतो, म्हणजे आज पहिलीत असलेलं पोरगं नोकरीला लागेपर्यंत. आधी पालिका आराखडा करायचा इरादा जाहीर करते, मग सगळ्या शहराचा सर्व्हे होऊन आज कुठल्या जागेवर काय आहे याचा नकाशा बनतो, तो अस्तित्वातील भूवापर नकाशा, मग त्याच्यावर आरक्षणं पडतात, म्हणजे बाग, शाळा, बाजार अशा कामांसाठी जागा राखून ठेवतात, डीपी रोड आखतात, झोन ठरतात, मग प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा प्रसिद्ध होतो आणि तेव्हा कुठं आपल्याला सांगतात की 30 दिवसांत हरकती-सूचना द्या. त्यावर सुनावणी आणि पुढं मंजुरीला. इरादा जाहीर करतानाच सूचना मागवायची तरतूद कायद्यात आहे बरं का, पण ती नोटीस पेपरात कुठल्या कोपऱ्यात येते ते तुम्हाला माहितीये, इथल्या किती जणांनी आयुष्यात ती वाचली असेल?

मी तरुणपणी अशा सर्व्हेच्या कामावर फिरलोय. गावाचं नाव घेत नाही. मे महिना होता, आम्ही दोघं, हातात शीट, पेन्सिल, डोक्याला रुमाल. एका वस्तीच्या मागं लांबट मोकळी पट्टी लागली, दगडगोटे, थोडी बाभळ, पोरं क्रिकेट खेळत होती. आम्ही लिहिलं, मोकळी जागा. शेजारच्या घरातल्या आजी पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाळा, हितं काय लिवतोयस? पावसाळ्यात ये की, माझ्या उंबऱ्याला पाणी लागतंय." तो ओढा होता. मेमध्ये कोरडा, म्हणून आम्हाला दिसला नाही. मी साहेबांना सांगितलं, पण जुन्या नकाशावर रेघ नव्हती, तर शीटवर मोकळी जागाच राहिली आणि पुढं त्याच पट्टीवर व्यापारी संकुलाचं आरक्षण पडलं. त्या आजींनी हरकत घेतली नाही. कशी घेणार? जागा त्यांच्या नावावर नव्हती, आणि सगळ्यांची समजूत अशीच असते की ज्याच्या सातबाऱ्यावर आरक्षण पडलं त्यानंच हरकत घ्यायची. खरं तर कायद्यानं कुणीही घेऊ शकतं, भाडेकरू, भाजी विकणारी बाई, कुणीही.

नंतर सुनावण्या बघितल्या. माणूस प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, मोजणीचा नकाशा, जुनी खरेदीखतं घेऊन सकाळपासून बाहेर बसलेला, नंबर आला की दोन-तीन मिनिटं, त्यात तो एवढंच म्हणणार की साहेब माझ्या तीन गुंठ्यातनं रस्ता काढू नका. त्याचं चुकत नाही, आयुष्याची कमाई आहे ती. पण त्या अख्ख्या दिवसात ओढ्याच्या बाजूनं, शाळेच्या मैदानाच्या बाजूनं बोलायला एकही माणूस आला नाही, कारण शेवटी बोलावलं की लोक फक्त वाचवायला येतात, सुचवायला येत नाहीत. आणि आरक्षण टाकून पालिकेकडं ते घ्यायला पैसे नसतात, मग 10 वर्षं झाली की मालक कलम 127 ची नोटीस देतो, 24 महिन्यांत पालिकेनं काही हालचाल केली नाही की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, बाग कागदावरनंही गेली. मालकाची 12 वर्षं गेली आणि आपली बाग पण.

पहिल्या नकाशापासून लोकांना घेतलं की काय होतं ते मुंबईत दिसलं. तिथं भूवापर नकाशा आधी लोकांपुढं ठेवला, तर संस्थांनी, रहिवाशांनी वॉर्डावॉर्डातल्या चुका काढून दिल्या. तरी 2015 चा प्रारूप आराखडा इतका चुकला की मुख्यमंत्र्यांनी तो नव्यानं करायला लावला. गोव्यात 2006 ला आलेला प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर येऊन 2007 च्या जानेवारीत मागं घ्यायला लावला आणि पुढचा करताना नकाशे गावोगाव पंचायतींकडं गेले, लोकांनी आपली शेतं, डोंगरउतार, पाणी त्यावर तपासलं. तोही आराखडा 2012 ला सरकारनं बाजूला ठेवला, हेही सांगितलं पाहिजे. पण गावानं स्वतःचा नकाशा वाचायला शिकणं, ते काही वाया जात नाही.

आपल्याकडं तर तपासायला कितीतरी आहे. अजिंक्यताऱ्यावरनं उतरणारे ओढे, महादऱ्याचं पाणी, पेठांमधले जुने हौद, मंगळवार तळं, मोती तळं. कुठला हौद कुठनं भरायचा हे सांगणारी माणसं अजून आहेत, पण सत्तरीच्या पुढची आहेत, आणि हे कुठल्या सॅटेलाइटच्या फोटोत दिसणार नाही. हद्दवाढीच्या भागात तर बैलगाडीच्या वाटा, पाणंद, विहिरी, स्मशानाकडं जायचा रस्ता, हे सगळं गावाच्या तोंडी आहे फक्त.

म्हणून माझं म्हणणं साधंय. भूवापर नकाशा झाला की तो प्रारूपाच्या आधी प्रत्येक भागात, शाळेच्या हॉलमध्ये, मंदिराच्या सभामंडपात लावा, मराठीत, मोठ्या कागदावर, खुणेला लोकांना ओळखता येतील अशी नावं टाकून, नुसते गट नंबर नकोत. वेळ संध्याकाळची ठेवा, बायका आणि एमआयडीसीतनं सुटलेली माणसं येऊ शकतील अशी. आणि पावसाळ्यात एकदा फिरा, एवढं तरी कराच.

पालिका करेल तेव्हा करेल, आपण थांबायला नको. मागच्या टेबलावर भागवार कोरे कागद ठेवलेत, नुसते मोठे रस्ते छापलेले. जाताना आपापल्या भागाचा एक घेऊन जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, ओढा कुठनं वाहायचा, पाणी कुठवर चढलं होतं, विहीर कुठं बुजवली, पोरं कुठं खेळतात, ते पेन्सिलीनं काढा, चित्र चांगलं यायची गरज नाही, आणि कोपऱ्यात सांगणाऱ्याचं वय लिहा. पुढच्या महिन्यात याच हॉलमध्ये आपण ते सगळे एकाशेजारी एक लावून बघू.