चुन्याची उष्णता: किती आणि किती वेगाने

मुलांनो, पालक मंडळी, नमस्कार.

दहावीचे पेपर तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, एक वाक्य दरवर्षी हमखास भेटतं: ‘बंध तुटतो आणि ऊर्जा बाहेर पडते.’ ऐकायला झकास, पण साफ चुकीचं. बंध, म्हणजे अणूंना एकमेकांशी धरून ठेवणारी जोडणी, तोडायला ऊर्जा घालावी लागते, नेहमीच. बाहेर पडते ती नवा बंध जुळताना.

फळ्यावरचा हिशेब बघा. हायड्रोजनचा एक मोल, म्हणजे रेणूंची एक ठरावीक प्रचंड संख्या, तोडायला ४३६ किलोजूल लागतात, ऑक्सिजनचा तोडायला ४९८. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन, म्हणजे घातले १३७०. त्यातून पाण्याची दोन मोल वाफ झाली. तीत ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार मोल बंध, प्रत्येकी सरासरी ४६३. हाती आले १८५२. फरक ४८२, आणि हीच ती ज्वाळेची उष्णता. जुना बंध फोडून आतून काही सांडलेलं नाही. नवे बंध जास्त घट्ट आहेत, एवढंच.

मग दोन्ही वायू एका बाटलीत भरून ठेवले तर वर्षानुवर्षं काहीच का होत नाही? कारण सुरुवातीचा खर्च कुणीतरी करावा लागतो. सगळेच बंध आधी तोडावे लागतात असं नाही. ठिणगीनं थोडे तुटले की ते तुकडे पुढच्या रेणूंना भिडतात, आणि तिथून पुढचा खर्च क्रिया स्वतःच भागवते. या सुरुवातीच्या चढाला सक्रियण ऊर्जा म्हणतात. शेवटी उष्णता किती मिळणार, याच्याशी या चढाच्या उंचीचा संबंध नाही. मुलांची गल्लत होते ती नेमकी इथं.

म्हणून आज मी चुना निवडला. आपल्या बेळगाव जिल्ह्यात गोकाककडे यादवाड भागात चुनखडी आहे, आणि सिमेंटचा कारखाना तिच्यावरच चालतो. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. यात मोलमागे १७८ किलोजूल आत जातात, भट्टीला जळण लागतं ते यासाठीच. आता या कळीच्या चुन्यावर पाणी घाला. पहिला क्षणभर ढेकूळ नुसतं पाणी पितं. मग चिरा पडतात, चर्र आवाज येतो, वाफ उठते आणि ढेकूळ फुलून पिठासारखं ढासळतं. मोलमागे ६५ किलोजूल बाहेर. ५६ ग्रॅम चुन्यात एवढी उष्णता असते की ती सगळी धरून ठेवता आली तर २०० मिलिलिटर गार पाणी उकळीला येईल. म्हणून चुना विरवताना, म्हणजे असा पाणी घालून फुलवताना, वर वाकून बघू नका. डोळ्यात उडाला तर डोळा जातो. निपाणीकडच्या मंडळींच्या खिशातल्या डबीतला चुना तापत नाही, कारण तो आधीच विरलेला असतो. तंबाखूचं समर्थन नव्हे हे!

विरलेला चुना भिंतीला लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. या वेळी किती उष्णता निघत असेल? इथं हेसचा नियम कामाला येतो, १८४० चा. फेरा जिथून सुरू झाला तिथंच संपला, म्हणजे जेवढे आत गेले तेवढेच बाहेर यायला हवेत. १७८ वजा ६५, उरले ११३. विरवताना निघाली त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट! पण रंगवलेल्या भिंतीला हात लावून कुणाला चटका बसलाय? नाही, कारण तीच उष्णता कित्येक दिवस, आठवडे झिरपत राहते. हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड जेमतेम चारेक भाग. शिवाय भिंतीत थोडा ओलावा लागतो. कोरड्या ठणठणीत चुन्याला तो वायू जवळजवळ लागतच नाही.

उष्णता तीच पण वेग वेगळा, याचं उदाहरणही चुन्याचंच. भट्टीत फाजील भाजलेला चुना लवकर विरत नाही, हे जुन्या गवंड्यांना पक्कं माहीत असायचं. त्याचे कण मोठे आणि घट्ट झालेले असतात, पाण्याला शिरायला पृष्ठभागच कमी मिळतो. मोलमागे ६५ तेच, वेग मात्र मंद. असा खडा गिलाव्यात राहून गेला की पुढे कधीतरी सावकाश विरतो, फुगतो आणि भिंतीला फोड येतो.

वेग तापमानानंही बदलतो. तेही थोडक्यात सांगतो, नाहीतर दूध आटवून केलेल्या आपल्या कुंद्याचं नाव काढल्यावर तुमचं लक्ष उडेल. दुधात भरपूर पाणी आहे तोवर कढई शंभराच्या फारशी वर जात नाही. आपलं बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर, इथं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. दूध आटत आलं की तापमान चढतं, साखर आणि प्रथिनंही दाट होतात. दोन्ही कारणांनी त्यांच्यातली क्रिया झपाट्यानं वाढते आणि रंग बदामी होत जातो. १९१२ साली माय्यार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं. तासभर दूध आटवणारा माणूस शेवटच्या पाच मिनिटांत उलथनं सोडत नाही, ते यामुळे.

आता वह्या काढा. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, हे सगळं इंग्रजीतून येईल म्हणून आत्तापासून धास्ती घेऊ नका, आकडे तेच राहतात. हायड्रोजन ४३६, क्लोरीन २४२, हायड्रोजन क्लोराइड ४३१. एक मोल हायड्रोजन, एक मोल क्लोरीन. उत्तर १८४ आलं पाहिजे, उष्णता बाहेर. हे मिश्रण अंधारात शांत बसतं आणि कडक उन्हात धरलं तर स्फोट होतो. उन्हानं आधी कुठला बंध तुटत असेल, ते या तीन आकड्यांकडे बघून सांगा. हां, मागच्या बाकावरून बरोबर उत्तर आलं: क्लोरीनचा. सगळ्यात कच्चा तोच.