शुक्रवारचे शो बुधवारी ठरतात
(इंदूरच्या मराठी रसिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

येत्या शुक्रवारी काय लागतंय ते आपण गुरुवारी रात्री मोबाइलवर बघतो. मराठी चित्रपटाला सकाळी साडेनऊचा एकच शो दिसला, की मल्टिप्लेक्सला नावं ठेवतो. गुरुवारी नावं ठेवून काही होत नाही, कारण शोची यादी मंगळवार-बुधवारपर्यंत ठरलेली असते. मोठ्या साखळ्यांमध्ये ती इथला मॅनेजर ठरवत नाही, मुख्य कचेरीतला प्रोग्रॅमिंग विभाग ठरवतो. तेव्हा काही हवं असेल तर सोमवारी हलायला हवं.

आधी नकाशा समजून घेऊ. चित्रपट व्यवसायाचा नकाशा राज्यांच्या नकाशाशी जुळत नाही. वितरकांच्या हिशेबात इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर म्हणजे 'सी.आय.', सेंट्रल इंडिया. जबलपूर, रायपूर आणि त्यांच्याच पंगतीला नागपूर, अमरावती म्हणजे 'सी.पी. बेरार', जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड. राजस्थान धरून या पट्ट्यातल्या वितरकांची आणि थिएटरवाल्यांची संघटना म्हणजे सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, आणि तिचं मुख्यालय आहे भुसावळला! बडोदं मात्र मुंबई सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या मुंबई विभागात मोडतं. त्यामुळे मुंबईच्या वितरकाच्या हातात बडोदं आपसूक असतं, इंदूरसाठी त्याला वेगळी खटपट करावी लागते. महाराष्ट्रात मराठी चित्रपटांसाठी सरकारी नियम आहेत, पण ते सीमेच्या अलीकडे लागू होत नाहीत. इथे चालतो फक्त तिकिटांचा आकडा.

तो आकडा मांडून बघू. तिकीट २०० रुपयांचं धरा. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाचा कर २२ सप्टेंबर २०२५पासून १२वरून ५ टक्क्यांवर आला. तर २०० रुपयांतून कर वजा जाता उरले साधारण १६९ रुपये ५० पैसे. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं भांडण मिटलं, तेव्हापासून रूढ झालेली वाटणी अशी: वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे पहिल्या आठवड्यात आपल्या एका तिकिटामागे वितरकाला मिळाले पावणेपंच्याऐंशी रुपये. वीस माणसं आली तर १,६९५ रुपये. त्यातून डिजिटल पाठवणीचा आणि जाहिरातीचा खर्च. शंभर माणसं आली तर ८,४७५. 'मराठी चित्रपट इंदूरला का येत नाही' या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे. उरलेलं निम्मं चित्रपटाच्या लांबीत आहे, आणि तीही दुसऱ्याच्या चित्रपटाच्या.

दीडशे मिनिटांचा चित्रपट घ्या. मध्यंतर पंधरा मिनिटं, जाहिराती-ट्रेलर वीस, झाडलोट दहा. एकूण १९५ मिनिटं. सकाळी नऊला सुरुवात केली, की ९, १२.१५, ३.३०, ६.४५ आणि १० असे पाच शो बसतात. तोच चित्रपट १९५ मिनिटांचा असेल, तर एका शोला चार तास लागतात आणि दिवसाला चारच शो होतात. मोठा हिंदी चित्रपट लांबला, की त्याचे गेलेले शो भरून काढायला तो शेजारचा पडदा मागतो, आणि तिथून आपला मराठी शो उडतो. म्हणून कुठल्याही शुक्रवारचा अंदाज बांधताना त्या दिवशीच्या सगळ्यात मोठ्या चित्रपटाची सेन्सॉर प्रमाणपत्रावरची मिनिटं आधी बघायची. ट्रेलर त्यानंतर.

प्रमाणपत्र हातात आहेच तर श्रेणीही बघून घ्या. २०२४च्या नियमांनी 'यूए'चे तीन भाग झाले: ७, १३ आणि १६ वर्षांवरील. 'यूए' म्हणजे निर्णय पालकांचा, मुलांना दारावर अडवत नाहीत. 'ए' असेल तर अठराखालच्या मुलाला आत सोडत नाहीत. सोबत आजी असली तरी नाही.

आता सोमवारी करायचं काय? 'मराठी चित्रपट लावा' असा मोघम अर्ज कुणी वाचत नाही. चित्रपटाचं नाव, तारीख, वेळ, किती आसनांचा पडदा चालेल आणि किती तिकिटं नक्की घेणार, एवढं एका कागदावर लिहून मॅनेजरला द्या आणि मुख्य कचेरीतल्या प्रोग्रॅमिंग विभागाकडे पाठवायला सांगा. तोच मजकूर वितरकालाही पाठवा, कारण त्याच्या होकाराशिवाय थिएटरला शो लावता येत नाही. दीडशे आसनांच्या पडद्याला ऐंशी-शंभर नक्की तिकिटं ही बोलणी सुरू करण्याजोगी संख्या आहे. 'नक्की' म्हणजे पैसे गोळा झालेले. व्हॉट्सॲपवरचे अंगठे त्यात धरू नका. वेळ रविवार दुपारची मागा. शनिवार संध्याकाळ मागितलीत तर थेट मोठ्या हिंदी चित्रपटाशी टक्कर होते आणि नकार पक्का. पहिला आठवडा जमला नाही तर दुसऱ्यासाठी तोच कागद पुन्हा द्या. शुक्रवारच्या मानाने सोमवारचा गल्ला निम्म्याखाली घसरला तर मोठ्या चित्रपटाचे शो कापले जातात आणि जागा मोकळी होते.

शो मिळाला तरी काम संपत नाही. चित्रपट येतो तो डीसीपी नावाच्या फाइल-संचातून, पूर्ण लांबीचा चित्रपट दीड-दोनशे जीबीचा सहज भरतो. तो कुलूपबंद असतो आणि त्याची चावी, म्हणजे केडीएम, वेगळी येते. ही चावी एका ठरावीक सर्व्हरची, म्हणजे त्या पडद्याचा चित्रपट चालवणाऱ्या यंत्राची, आणि ठरावीक तारखा-वेळांची असते. तीन नंबरच्या पडद्यासाठी आलेली चावी पाच नंबरला चालत नाही. आयत्या वेळी पडदा बदलला, सर्व्हरमधला मीडिया ब्लॉक (कुलूप उघडणारा भाग) बदलून त्याचा नवा क्रमांक चाव्या बनवणाऱ्यांच्या यादीत भरायचा राहिला, किंवा सेन्सॉरनंतर काटछाट होऊन नवी आवृत्ती आली, तर जुनी चावी निकामी होते. पहिल्या आठवड्याची चावी गुरुवारी रात्री संपत असेल तर वाढीव शोसाठी नवी मागवावी लागते. मॅनेजरला आदल्या दिवशी एवढंच विचारा: 'याच पडद्याची चावी आली का, आणि कधीपर्यंतची आहे?'

आणि सबटायटल. आपल्याकडे सुना-जावई हिंदीभाषक, नातवंडांना मराठी कळतं पण अर्धवट. डीसीपीच्या लांबलचक नावात भाषेची खूण असते: 'एमआर-ईएन' म्हणजे संवाद मराठी, सबटायटल इंग्रजी. 'एमआर-एक्सएक्स' म्हणजे सबटायटल नाहीत. दोन्ही आवृत्त्या निघालेल्या असतात तेव्हा कुठली पाठवायची हे वितरकाच्या कचेरीत ठरतं, आणि कुणी काही बोललं नाही तर महाराष्ट्रातली, बिनसबटायटलची येण्याचा संभव अधिक. तेव्हा सोमवारच्या कागदावर ही ओळही लिहा.