चारनंतरची गाडी

नमस्कार, श्रोतेहो. प्रत्येक ऑफिसात एक माणूस असा असतो, की त्याचं नाव निघालं की साहेबाच्या कपाळाला आठी पडते. कामात पक्का, बोलण्यात काटेरी. आज मी तुम्हाला अशाच एका तात्यांची गोष्ट सांगणार आहे. त्यांचं खरं नाव वेगळं.

रबाळे एमआयडीसीत आमचा कारखाना. मी डिस्पॅचला मॅनेजर म्हणून गेले, तेव्हा तात्यांना तिथे २२ वर्षं झाली होती. राहायला आसनगावला. रोज रबाळ्याहून ठाणे, ठाण्याहून कसाऱ्याची गाडी. आणि मी मीटिंग ठेवायचे संध्याकाळी साडेपाचला! साडेपाचच्या मीटिंगा सगळीकडेच बंद करा, असं माझं अगदी मनापासून मागणं आहे. ट्रान्स हार्बर लोकल २००४ साली सुरू झाली, ठाणे-बेलापूर रोडवरचं बसची वाट बघणं सुटलं, पण ठाण्याला पुढची गाडी चुकली तर माणसाची अख्खी संध्याकाळ जाते हो. असो.

तर एका मीटिंगमध्ये मी पुण्याच्या गाडीतला मालाचा क्रम बदलायला सांगितला. तात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही गाडी कागदावर भरता. आम्ही हातानं भरतो." पोरं हसली. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग २२ वर्षांत कागद वाचायला तरी शिकायचं होतंत."

तात्या उठून गेले. पुढचे तीन आठवडे बोलणं बंद. चलनं माझ्या टेबलावर यायची ती एका पोराच्या हातून. हळूहळू पोरांमध्येही दोन तट पडले.

मी तक्रार घेऊन एचआरकडे गेले. तिथल्या बाई शांत होत्या. म्हणाल्या, "कुठल्या दिवशी काय झालं आणि त्यानं काम कुठे अडलं, तेवढं लिहून आणा." रात्री लिहायला बसले. उद्धट, हेकट, अडेलतट्टू असं पानभर झालं. मग तारखा आठवायला लागले, तशी ती विशेषणं खोडत गेले. शेवटी उरले चार प्रसंग. त्यातले तीन एकाच प्रकारचे होते: दुपारी चारनंतर मी गाडीचा क्रम बदललेला.

म्हणून सांगते, विशेषणं नको, तारखा लिहा. पुन्हा सांगते, तारखा लिहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, केबिनमध्ये न बोलावता, मी लोडिंगच्या धक्क्यावर गेले. म्हटलं, "तात्या, सगळ्यांसमोर तसं बोलले, ते माझं चुकलं. आता चारनंतरच्या गाडीचं मला समजावून सांगा." तात्या बराच वेळ गप्प होते. मग मला गाडीशी घेऊन गेले. शेवटी उतरायचा माल आधी आत जातो, आधी उतरायचा दाराशी. पनवेलचा दाराशी, पुण्याचा आत. क्रम फिरवला की भरलेली गाडी पूर्ण रिकामी करायची. हमालांची पाठ मोडते, आणि शिव्या तात्या खातात.

तिथेच ठरलं. चारनंतर क्रम बदलायचा, तर मी आधी तात्यांना फोन करायचा. आणि पोरांसमोर "जमणार नाही" असं तात्यांनी म्हणायचं नाही, बाजूला येऊन सांगायचं.

चौथा प्रसंग मात्र मी सोडला नाही. बिलिंगच्या मुलीला त्यांनी शिवी दिली होती. "हे पुन्हा झालं तर लेखी देईन," म्हटलं. दोन महिन्यांनी झालं. त्याच दिवशी मेमो दिला. गाडीचं म्हणणं बरोबर होतं म्हणून शिवी माफ होत नाही.

आणि श्रोतेहो, बाईमाणसाला लैंगिक त्रास होत असेल, तर ते चहा पाजून मिटवायचं प्रकरण नव्हे. २०१३ च्या कायद्यानं १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. लेखी तक्रार तिथेच जायला हवी, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. तुमच्या ऑफिसात त्या समितीची नावं भिंतीवर लागली आहेत का, उद्या जरूर बघा.

मेमोनंतर तात्या दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांना डिवचलं नाही आणि मेमोही मागे घेतला नाही. तिसऱ्या दिवशी पावणेचारला ते केबिनच्या दारात उभे राहिले. चलन स्वतः घेऊन आले होते. म्हणाले, "मॅडम, गाडी भरायला घेतो. काही बदलायचं असेल, तर आत्ता सांगा."

नमस्कार.