पाच वॅटची पेटी

श्रोतेहो, टेबलावरची ही लहान पेटी मी मुद्दाम तुमच्याकडे पाठ करून ठेवली आहे, कारण तिच्या मागची फळी अर्धी उघडी असते आणि आतले तीन व्हॉल्व्ह, म्हणजे विजेचा प्रवाह आवरणाऱ्या काचेच्या नळ्या, तिथून दिसतात. फेंडर कंपनीचा हा ‘चॅम्प’ नावाचा गिटार ॲम्प्लिफायर आहे. आतल्या बाजूला व्हॉल्व्हची जागा दाखवणारा एक कागदी तक्ता चिकटवलेला असून त्यावर ‘एच’ आणि ‘डी’ या दोन अक्षरांचा शिक्का आहे. पहिले अक्षर वर्षाचे, १९५१ साल म्हणजे ‘ए’ असे धरून; दुसरे महिन्याचे, जानेवारी म्हणजे ‘ए’ असे धरून. त्यावरून हा नग एप्रिल १९५८ चा ठरतो.

लिओ फेंडर यांचा मूळ व्यवसाय कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्त करण्याचा होता, आणि ते या पेटीत पदोपदी जाणवते. १९४८ मध्ये ‘चॅम्पियन ८००’ आणि पुढच्या वर्षी ‘चॅम्पियन ६००’ या नावांनी त्यांनी नवशिक्यांसाठी लहान ॲम्प्लिफायर काढले; मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटारच्या जोडीने ते विकले जात. ‘चॅम्प’ हे सुटसुटीत नाव पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर आले. कलामाझू येथील गिब्सन आणि शिकागोची व्हाल्को यांचेही याच वर्गातले ॲम्प्लिफायर होते. डॅनइलेक्ट्रोने सीअर्स या दुकानसाखळीसाठी ‘सिल्व्हरटोन’ या नावाखाली गिटारच्या खोक्यातच ॲम्प्लिफायर बसवून दिला होता. या सगळ्यांचा हेतू एकच होता: विद्यार्थ्याला परवडावे आणि खोलीत सराव करता यावा. आज ज्या आवाजाचे आपण कौतुक करतो तो कोणी ठरवून घडवलेला नव्हता. भाग कमीत कमी ठेवण्याच्या काटकसरीतून तो आला, आणि माझे आजचे सगळे बोलणे या काटकसरीविषयीच आहे.

विद्युतमंडळ पाहा. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या भागातून, येणारा अगदी क्षीण विद्युतसंकेत प्रथम ‘१२एएक्स७’ या व्हॉल्व्हमध्ये जातो. या एका काचेच्या नळीत दोन ट्रायोड असतात, म्हणजे तापवलेला कॅथोड, त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन ओढून घेणारी प्लेट, आणि मध्ये त्या प्रवाहाला आवर घालणारी ग्रिड, असे दोन संच. पहिल्या ट्रायोडने संकेत वाढवला की आवाजाच्या बटणातून तो दुसऱ्याकडे जातो आणि तिथून ‘६व्ही६’ या शक्तिशाली व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पोहोचतो. तिसरा व्हॉल्व्ह, ‘५वाय३’ हा रेक्टिफायर, संकेताच्या वाटेत येतच नाही. त्याचे काम मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, उलटसुलट प्रवाहाला एकाच दिशेने वळवण्याचे आहे. सूर पालटण्यासाठी निराळे बटण नाही. स्पीकरकडून थोडा संकेत उलट फिरवून दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला दिलेला आहे, त्यामुळे आवाज थोडा आवरलेला राहतो. एवढ्या मोजक्या सामग्रीतली ही खरी हुशारी मला वाटते.

मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये शेवटच्या टप्प्यावर व्हॉल्व्हची जोडी असते. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. इथे सगळा भार एकट्या ‘६व्ही६’वर आहे, आणि संकेताच्या दोन्ही बाजू त्यालाच सांभाळायच्या असल्यामुळे तो कधीही पूर्ण विश्रांती घेऊ शकत नाही. त्याच्या प्लेटवर सुमारे ३४० व्होल्ट असतात आणि त्यातून साधारण ४० मिलिअँपियर प्रवाह सतत वाहतो. गिटारला कोणी हात लावला नसतानाही हा व्हॉल्व्ह १२-१३ वॅट उष्णता नुसती हवेत सोडत असतो, आणि त्या बदल्यात पुरा जोर लावला तरी स्पीकरला मिळतात जेमतेम ५ वॅट. इंजिनिअरच्या दृष्टीने हा तोट्याचा व्यवहार आहे.

आवाजाचे बटण अर्ध्याच्या पुढे गेले की हा एकटा व्हॉल्व्ह दमतो, पण दोन्ही बाजूंनी सारखा दमत नाही. लहरीच्या एका बाजूला ग्रिड धन होऊ लागते आणि लाट वरून दाबली जाते; दुसऱ्या बाजूला प्रवाह आटत जातो आणि लाट वेगळ्या रीतीने चेपली जाते. या विषमतेमुळे मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारितेचा स्वरांश ठळकपणे मिसळतो. मूळ स्वर षड्ज मानला तर हा दुप्पट स्वरांश वरच्या सप्तकातला षड्ज असतो, आणि तिप्पट स्वरांश त्याच्याही वरचा पंचम. जोडीच्या मांडणीत शेवटच्या टप्प्यावरचे दुप्पट, चौपट असे सम स्वरांश बव्हंशी एकमेकांना काटतात. इथे काटायला दुसरा कोणी नसल्यामुळे ते कानापर्यंत येतात. म्हणून एकेक स्वर वाजवला की तो भरलेला वाटतो. मात्र गुंतागुंतीचा स्वरमेळ वाजवला की प्रत्येक दोन स्वरांच्या बेरजेची आणि वजाबाकीची नवी वारंवारिता तयार होते व सगळा चिखल होतो. या पेटीच्या भक्तांना हे सांगितलेले आवडत नाही, परंतु ती सर्व प्रकारच्या वादनाला चालत नाही.

आणखी एक समज दुरुस्त करायला हवा. जोरात तार छेडली की रेक्टिफायर व्हॉल्व्हमुळे व्होल्टेज खाली बसते आणि स्वर दबून पुन्हा उमलतो, असे या ॲम्प्लिफायरबद्दल सांगितले जाते. जोडीच्या मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये ते पुष्कळ खरे आहे, कारण तिथे जोर वाढला की प्रवाहाची मागणी एकदम वाढते. इथे मागणी मुळातच जवळजवळ स्थिर आहे, त्यामुळे तो परिणाम बराच कमी असतो. जो दाब ऐकू येतो त्यातला मोठा वाटा त्या एकट्या व्हॉल्व्हच्या दमण्याचा आहे, आणि उरलेला स्पीकरचा.

स्पीकर ८ इंचांचा आहे. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा, आणि हा कागदी शंकू तो पूर्ण ताकदीने हलवूच शकत नाही. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचीही तीच गत: त्यातून एकाच दिशेचा प्रवाह सतत जात असल्यामुळे त्याच्या लोखंडी गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते, आणि आधीच लहान असलेला तो गाभा त्यामुळे खालच्या स्वरांना आणखी दुबळा ठरतो. तरीही आपल्याला तो जाड स्वर ऐकू येतो, कारण त्याचे वरचे स्वरांश ऐकून कान मूळ स्वराची भरपाई करतो. राहिला प्रश्न ताकदीचा. ५० वॅटचा ॲम्प्लिफायर याच्या दहापट मोठा ऐकू येत नाही. शक्ती दहापट केली की आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो. शेजाऱ्यांना विचारले तर ते ५ वॅटही पुरेसे मानतील.

आता जुनेपणाविषयी. रेक्टिफायरनंतरची थरथर सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरच्या आतले ओलसर रसायन काही दशकांत सुकते, आणि पेटी वापरली नाही म्हणून ते सुकायचे थांबत नाही. सुरुवातीच्या काळात एका ॲम्प्लिफायरचे मूळपण जपायचे म्हणून मी जुने कंडेन्सर तसेच ठेवले होते. त्यातला एक आतून शॉर्ट झाला, रेक्टिफायर व्हॉल्व्ह गेला, आणि फ्यूज वेळेवर उडाला म्हणूनच ट्रान्सफॉर्मर वाचला. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: फिल्टर कंडेन्सर बदलायचे, दोन पिनांची दोरी काढून अर्थिंग असलेली तीन पिनांची लावायची, आणि मेन्सच्या तारेतून चॅसीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेला एखादा छोटा कंडेन्सर आढळला तर तो काढून टाकायचा, कारण तो बिघडला तर गिटारच्या तारांना थेट मेन्सचा झटका येतो. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि चालू स्थितीतले रेझिस्टर यांना मात्र हात लावायचा नाही. या काळातल्या फेंडरच्या चॅसीत कधी कधी चिकटपट्टीवर जोडणी करणाऱ्या कामगाराचे नाव लिहिलेले सापडते. तेही तिथेच राहू द्यावे.

उघडण्यापूर्वी दोन गोष्टी पाळाव्यात. दोरी काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट शिल्लक असू शकतात, म्हणून रेझिस्टरमधून ते रिकामे करून मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये. आणि स्पीकर जोडल्याशिवाय पेटी वाजवू नये. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतके उंच व्होल्टेज उसळते की त्याचे वेटोळे जळू शकते.

आता मी ती चालू करतो. कॅथोड तापेपर्यंत काही सेकंद शांतता असेल, मग हलकी गुणगुण येईल, कारण पुरवठ्यातली थरथर काटायलाही इथे व्हॉल्व्हची जोडी नाही. तिचा स्वर नीट ऐका. तो मेन्सच्या वारंवारितेच्या दुप्पट असेल तर ती रेक्टिफायरच्या पुढची थरथर आहे आणि संशय फिल्टर कंडेन्सरवर घ्यायचा. तो मेन्सइतकाच, म्हणजे एक सप्तक खाली असेल, तर आधी व्हॉल्व्हचा तापतंतू आणि अर्थिंगची जोडणी तपासायची. ही कोणती आहे, ते पहिल्या रांगेतून कोणी सांगेल का?